कुंभारमाशीचा मुठीएवढा डोंगर

पवनचक्क्यांना डोंगर नवे होते, तेव्हाची ही गोष्ट. एक पवनचक्की पायथ्याशी येऊन विचारू लागली, "मी उभी कुठे राहू?"

"कड्याच्या टोकावर," घार म्हणाली. "सगळ्यात जास्त वारा तिथेच. जन्म गेला माझा त्या वाऱ्यात."

"घाई करू नकोस गं," कुंभारमाशी पवनचक्कीला म्हणाली. तिने समोरच्या डोंगरासारखाच चिखलाचा मुठीएवढा डोंगर केला. त्यात कडा, घळी, अगदी मोठ्या शिळासुद्धा होत्या. मग त्यावर रुईचा कापूस सोडून ती पंखांनी वारा घालू लागली. रोज दिशा बदलून, जोर बदलून.

घार हसली. "चिखलाच्या गोळ्याला वारा काय कळणार?"

पण कड्याच्या टोकाशी कापूस दर वेळी गरगरत खाली आपटायचा. डोंगराच्या खालच्या बोडक्या सोंडेवरून मात्र सरळ जायचा.

"टोकावरचा वारा पिळवटून काढतो," माशी म्हणाली. "एका पावसाळ्यात तुझी पाती मोडतील. सोंडेवर उभी राहा."

पवनचक्की सोंडेवर गेली आणि संथपणे फिरू लागली.

घार बराच वेळ त्या चिखलाच्या डोंगराकडे बघत राहिली. शेवटी हळूच म्हणाली, "टोकावरून उडताना माझा डावा पंख का दुखतो, ते आज कळलं गं बाई."