लपवलेली गाठ

एका जंगलात ओढ्यावर वाकलेली एक जुनी बाभूळ होती, आणि नव्याने घर मांडणाऱ्यांची तिच्यावर दाटी असे. बेचक्यात खार घरटे रचत होती, खोडात सुतार पक्षी ढोली कोरत होता. पाण्यावर आलेल्या फांदीच्या टोकाला एक तरुण सुगरण पक्षी आपले पहिलेच घरटे विणत होता. मुलांनो, सुगरण पक्ष्यांत विणकाम नराचे. घरटे अर्धे झाले की मादी येते, ओढून पाहते, पसंत पडले तर राहते, नाही तर उडून जाते. त्या बिचाऱ्याचा सगळा हंगाम या एका परीक्षेवर टांगलेला होता.

ऊन चढले की झाडावरची मंडळी बुंध्याजवळच्या सावलीत जमत. कुणाची थट्टा, कुणाची कुरकुर, मध्येच कामाची एखादी गोष्ट. सुगरण तिकडे फिरकत नसे. गवताच्या पातीला मारायची एक गाठ त्याला अशी साधली होती, की ती कुणी चोरेल या धास्तीने तो जवळ येणाऱ्याकडे पाठ करून बसे. एक पोपट मात्र खरोखरच दिवसभर नुसता बोलत असे आणि त्याच्या घराचा पत्ता नव्हता. त्याच्याकडे पाहून सुगरण सगळ्यांनाच रिकामटेकडे ठरवी. एका आळशाला पुढे करून साऱ्या कष्टकऱ्यांची तोंडे बंद करायची, हा कावा काही फक्त पाखरांनाच जमतो असे नाही.

अखेर मादी आली. तिने लोंबत्या घरट्याला जोरात हिसका दिला. गाठ एकही सुटली नाही. फांदीच मोडली आणि घरटे ओढ्यात पडले. मादी निघून गेली.

त्या दुपारी सुगरण प्रथमच सावलीत आला, तो भांडायच्या तयारीने. सुतार पक्षी शांतपणे म्हणाला, "ती फांदी आतून पोखरलेली होती, बाबा. चोच मारली तेव्हाच मला आवाजावरून कळलं. इथे सगळ्यांना सांगितलंही."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आलो होतो की. तू पाठ फिरवून बसलास."

खार म्हणाली, "आता ती गाठ तरी दाखव. एवढं काय लपवत होतास ते बघू दे."

त्याने गाठ मारून दाखवली. खारीने पंजांनी, दातांनी खटपट केली, पण पाती नुसती चुरगळली. सगळे हसले, तोही हसला. जी कुणाला चोरता येणारच नव्हती, तिच्यावर तो पहारा देत बसला होता.

मग सुतार पक्ष्याने ठोकून पाहिलेल्या फांदीवर त्याने पुन्हा विणायला घेतले. सकाळी काम, दुपारी घटकाभर गप्पा, की पुन्हा काम. हंगाम सरण्याआधी मादी परत आली. तिने हिसका दिला, थोडी थांबली, आणि आत शिरली.

तात्पर्य : नव्याने काम मांडणाऱ्याने शेजाऱ्यापासून हुन्नर लपवत बसू नये, त्याच्याशी बोलावे, आपल्या पायाखालची पोकळी वेगळे काम करणाऱ्यालाच आधी ऐकू येते.