मधली कमान

फार मागे, राजेरजवाड्यांच्या काळात, एका नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं एक राज्य होतं. नदी रुंद आणि ओढीची. दर पावसाळ्यात होड्या उलटत, माणसं वाहून जात. म्हणून राजाने मोठा दगडी पूल बांधायला घेतला.

काम चालू असतानाच मधली कमान खचली. स्थपतीने ती पायापासून काढून नव्याने, आधीपेक्षा भक्कम बांधली. पूल पुरा झाला, तोरणं लागली, चौघडा वाजला. पण पुलावरून जायला फारसं कोणी धजेना.

प्रधान वैतागला. "एवढा पूल बांधून दिला, तरी हे आपले होडीतच!"

भागू सुईण त्याला धक्क्यावर भेटली. पैलतीरीच्या बाळंतिणींसाठी तिला सारखी नदी ओलांडावी लागे. तिने विचारलं, "प्रधानजी, ती मधली कमान खचली होती, तिचं पुढे काय केलंत?"

"कुठली कमान?" प्रधान खेकसला. "काही खचलं नव्हतं!"

"अहो, आम्ही सगळ्यांनी या डोळ्यांनी पाहिलं!"

"मग डोळे वैद्याला दाखव."

भागू गेल्यावर स्थपती प्रधानाला म्हणाला, "खरं सांगून टाकू या. कमान आता पक्की आहे, लपवायचं कशाला?"

पण प्रधानाला त्यात राज्याची नाचक्की दिसली. आता काय म्हणावं या माणसाला! त्याने दवंडी पिटवली: पुलावर शंका घेईल, त्याला चाबकाचे फटके. झालं! जे चार लोक पुलावरून जात होते, तेही होडीत जाऊन बसले.

श्रावणात पूर आला. पलीकडे एक बाई अडली होती. भागू घाईघाईने होडीत चढली. भर धारेत होडी उलटली. नावाड्याला लोकांनी ओढून काढलं. भागू सापडली नाही. पूल मात्र त्या पुरात तसूभरही हलला नाही.

राजा धावत आला. "अरे, शेजारी पूल असताना होडी का काढलीस?"

नावाडी म्हणाला, "मी म्हटलं तिला, पुलावरून जा. ती म्हणाली, साध्या प्रश्नाला जे खोटं बोलतात, त्यांच्या पुलावर पाय कसा ठेवू?"

राजाने प्रधानाला पदावरून काढलं. पाणी ओसरल्यावर तो स्वतः लोकांना कमानीखाली घेऊन गेला. काय चुकलं होतं, कसं सुधारलं, ते स्थपतीने दगडांवर हात ठेवून दाखवलं. हळूहळू पूल वाहता झाला. पण पैलतीरीच्या त्या अडलेल्या बाईचं बाळ सुईणीवाचून पुराच्याच दिवशी गेलं होतं.

तात्पर्य: खचलेली कमान पुन्हा बांधता येते, पण चूक झाकली की विश्वास खचतो, आणि तो हुकुमाने उभा राहत नाही.