पहिला कोरडा हात

आत येताना वाका, नाहीतर ही फांदी कपाळाला लागेल. रक्तकांचन आहे. देवराईतली बाकीची झाडं सरळ वर गेलीत, ही एकच फांदी देवळाच्या पायरीपर्यंत खाली आली आहे, आणि ती आम्ही कुणाला छाटू देत नाही. उंच माणसानं वाकावं, असा आमच्या बोरदऱ्याचा नियम. पायरीशेजारच्या त्या दगडी रांजणाला हात लावायचा असेल तर आधी हात पुसा. हसू नका. मी इथला गुरव, पंच्याहत्तरी उलटली माझी, तरी मलाही हात पुसल्याशिवाय त्याला शिवता येत नाही. का, ते सांगतो. गोष्टीत आमच्याच घराण्याची फजिती आहे, पण सांगायची तर सगळी सांगावी.

माघ सरता सरता कांचनावर पान राहत नाही, नुसत्या कळ्या. त्या उमलायच्या आधी तोडायच्या, जराशा वाफवून सावलीत सुकवायच्या, आणि गाजर, ओली हळद, आलं, मिरची यांच्यासोबत कुटलेल्या मोहरीत आणि हिंगात कालवून रांजणात भरायच्या. मीठ सढळ हातानं, वर तेल. हे आमच्या देवीचं, कांचनजाईचं लोणचं. अक्षय्य तृतीयेला रांजण उघडून देवीला नैवेद्य दाखवायचा आणि मग घरोघरी वाटायचं. पुढे रानभाजी उगवेपर्यंत भाकरीला तेवढाच आधार असायचा, त्यामुळे ते बिघडणं म्हणजे थट्टा नव्हती. लोणचं घालायचा मान सवाष्णींचा. विधवेनं बारा हात लांब बसायचं, अशी तेव्हाची रीत.

त्या काळी गावात सारजा नावाची बाई होती, असं सांगतात. नवरा साप चावून गेला, मूलबाळ नाही. दोन खणांचं घर आणि मागे गाजरांचा एक वाफा, एवढंच तिचं. ज्या वर्षी ती विधवा झाली, त्याच वर्षी आमचे पूर्वज धोंडू गुरव देवीच्या सेवेला लागले. नवा पुजारी, नवा कडकपणा. त्यांनी ठरवून टाकलं की देवीचं लोणचं यापुढे ओलेत्यानं घालायचं. सवाष्णींनी तळ्यात बुडी मारायची आणि लुगडं न पिळता थेट रांजणाशी यायचं. घरच्या लोणच्याला ज्या बायका ओला चमचा लावू देत नसत, त्याच देवीच्या लोणच्यात कोपरांवरून पाणी निथळू द्यायला लागल्या. सोवळ्यापुढे बोलणार कोण?

त्या वर्षी रांजण उघडला तर वर पांढरी बुरशी. पुढच्या वर्षीही तेच. तिसऱ्या वर्षी तर अशी घाण सुटली की रांजणातलं सगळं उपसून लांब खड्ड्यात पुरावं लागलं. देवी कोपली म्हणून गाव घाबरलं. धोंडू गुरवांनी सारजेकडे बोट दाखवलं. तीन वर्षांपूर्वी कपाळ पांढरं झालं ते हिचं, आणि लोणचं नासायला लागलं तेही तेव्हापासून. हिचीच सावली पडते. पुढचं लोणचं घालायच्या आत तिनं घर सोडून शिवेबाहेर जावं, असा पंचांनी निवाडा दिला.

बायका चावडीची पायरी चढत नसत. सारजा चढली.

"मला लांब बसवलं, म्हणून तर मला समदं दिसलं," ती म्हणाली. "लोणच्यात पानी पडतंय. माजी सावली न्हाई पडत."

सोवळ्याला नावं ठेवतेस, म्हणून पंच तिच्या अंगावर आले. ती हलली नाही. रांजणाशेजारी मला माझं मडकं भरू द्या, एवढंच तिनं मागितलं. "माजं नासलं तर मी माज्या पायानं जाईन. तुमचं नासलं तर कुनी जायाचं, ते आत्ताच सांगा." शेवटी पाटलाची बायको भिवराबाई, लोणच्यात सवाष्णींचा पहिला हात जिचा, ती पायरीखालूनच म्हणाली की भरू दे तिला.

धोंडू गुरवांनी तरी पाचर मारलीच. राईतल्या एकाही झाडाला हात लावायचा नाही, म्हणाले. कळ्यांवाचून कांचनाचं लोणचं व्हायचं कसं? सारजेनं तेही मान्य केलं. झाडानं दिलं तर घेईन, म्हणाली, आणि देवळाजवळच्या झाडाखाली पदर पसरून उभी राहिली. दोन दिवस उमललेली फुलं तेवढी गळत होती, ती तिनं घेतली नाहीत. तिसऱ्या दिवशी दुपारी, वाऱ्याचं नाव नसताना, म्हणे ही फांदी खाली आली, तिच्या पदराला टेकली आणि मिटल्या कळ्या आपसूक गळून पदरात पडल्या. माझे आजोबा म्हणायचे, फांदी आधीच पिचलेली असणार. त्यावर आजी म्हणायची, तुम्ही गुरवच शेवटी.

सारजेनं लोणचं या पायरीवर बसून घातलं, सगळ्यांच्या देखत, पाठ न फिरवता. न्हाऊन केस वाळवले होते, अंगावर कोरडं लुगडं. मडक्याला हिंगाची धुरी दिली. फोडी आणि कळ्या फडक्यावर खडखडीत कोरड्या केल्या आणि प्रत्येक वेळी हात पुसूनच मडक्यात घातला. पलीकडे सवाष्णी ओलेत्यानं रांजण भरत होत्या. दोन्हींची तोंडं एकाच वेळी बांधली.

अक्षय्य तृतीयेला रांजणावर बोटभर बुरशी होती. मडक्याचं फडकं सोडलं तर वर स्वच्छ तेल, आणि मोहरीचा असा झणका आला की मागे उभ्या असलेल्यांच्याही डोळ्यांत पाणी आलं. धोंडू गुरवांनी लगेच हात जोडले आणि मोठ्यानं सांगून टाकलं की देवीनं सारजेला माफ केलं. लोकांना हायसं वाटलं, जयजयकार सुरू झाला. सारजेनं मडक्यावर फडकं ओढून त्यावर हात ठेवला.

"माफी कशाची? माजं चुकलं काय व्हतं?"

उत्तर मिळेपर्यंत ती फडकं काढेना. शेवटी भिवराबाई पुढे आली. "चूक आमच्या हातांची व्हती, सारजे. तुजी न्हवं." असं म्हणून तिनं सगळ्यांसमोर आपले तळवे पुसले आणि पुढे केले. सारजेनं ते उलटसुलट पाहिले, मग त्यावर एक कळी ठेवली. मागोमाग सारं गाव रांगेत आलं. धोंडू गुरवांना मात्र तिनं तीनदा हात पुसायला लावले म्हणे. आणि नियम घालून दिला की यापुढे देवीच्या लोणच्यात पहिला हात विधवेचा. सारजा आपल्या घरातच म्हातारी झाली, तिथंच गेली.

आजही फाल्गुनात तसंच होतं. पहिला हात विधवेचा, आणि त्याआधी ती गावाचे तळवे तपासते, गुरवाचे सुद्धा. इतकी वर्षं मी हसत हात पुढे करत आलो. दोन वर्षांपूर्वी माझा मुलगा गेला. सोयऱ्यांनी सुनेला मागच्या खोलीत बसवलं, कुठल्या कार्याला पुढे येऊ देईनात, आणि रोज ही गोष्ट सांगणारा मी गप्प बसलो. याची मला लाज वाटते. गेल्या फाल्गुनात कुणी बोलवायच्या आत ती आपणहून निघाली, या फांदीखालून वाकून आली आणि पायरीवर उभी राहिली. मी हात पुढे केले. तिनं ते नीट निरखून पाहिले.

"मामंजी, ओले हायेत," ती म्हणाली. "पुन्ना पुसा."

मी पुसले.