आतली कडी

त्या तळ्याकाठच्या राज्यात तुरुंगाच्या दारांना कड्या फक्त बाहेरून होत्या. आत कडी कशाला हवी, असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

तिथे एक चिंबोरी तीन वर्षांसाठी कोंडलेली होती. घर करायच्या नादात तिने तळ्याचा बांध पोखरला होता आणि अर्धं राज्य चिखलात गेलं होतं. गुन्हा खरा होता, आणि तिने तो नाकारलाही नाही. पण कोठडीत आली तेव्हा तिच्या पोटाशी अंडी होती. आता त्यांतून पिल्लं निघाली होती, आणि तुरुंगात पाणी मिळायचं ते घशापुरतं. चार दिवसांत वाहत्या पाण्यात सोडली नाहीत, तर पिल्लं वाळून मरणार होती.

राज्यात एक जुना कायदा पडून होता. पहारेकरी जामीन राहिला, तर कैद्याला नुसत्या शब्दावर चार दिवस बाहेर सोडता येई. चौथ्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत तो परतला नाही, तर उरलेली शिक्षा पहारेकऱ्याने भोगायची. साहजिकच आजवर एकाही पहारेकऱ्याला दया आली नव्हती.

म्हाताऱ्या कासवाला आली. का आली, ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

न्यायाधीश बगळ्याने चोच मुरडली. (तो स्वतः किती खेकडे गिळून त्या जागेवर पोचला होता, ते जाऊ द्या.) जी जमात जन्मात सरळ चालली नाही तिचा शब्द तो काय, असं त्याचं म्हणणं पडलं. कासवाने त्याचं ऐकून घेतलं आणि चिंबोरीला एवढंच विचारलं, "येशील ना गं?"

"येईन, आजोबा. दार उघडंच ठेवा."

ओढ्यात पिल्लं सोडली तशी ती तिच्याच पायांभोवती घोटाळू लागली. तिथल्या दगडांखाली तिला कुणी शोधू शकलं नसतं. खोटं कशाला बोला, तिचा पाय निघेना. तीन दिवस ती तिथेच रडत बसली.

चौथ्या दिवशी सारं राज्य रस्त्याकडे डोळे लावून उभं राहिलं. रस्ता पार ओढ्यापर्यंत सरळ होता आणि पार ओढ्यापर्यंत रिकामा. सूर्य टेकला. बगळ्याने मान हलवली, आणि शिपाई बेडकांनी कासवाला कोठडीकडे नेलं. कासवाच्या तोंडचं पाणी पळालं होतं, पण ते गुमान चाललं.

कोठडीत चिंबोरी होती. ती रस्त्याने आलीच नव्हती. खेकडे येतात तशी कुंपणाच्या कडेकडेने तिरकी आली होती, आणि तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं. आत शिरून ती नांगीने दार ओढून घेत होती. आतून धरायला काही नसल्यामुळे नांगी पुन्हा पुन्हा निसटत होती.

बगळा एका पायावर उभा होता, तो दोन पायांवर आला.

दुसऱ्या दिवशी कासवाने सुतारपक्ष्याला बोलावून त्या दाराला आतून एक कडी बसवून घेतली. बाहेरची कडी त्या दिवसापासून नुसतीच लटकत राहिली.