पंच्याने निवडलेली दांडी

डोंगरावरच्या एका न्हाणीघरात एक पंचा होता. थंडीत तो वाळायचाच नाही. मालकीणबाई वैतागल्या, "आता याचं पोतेरं करते!"

शेवटी बाईंनी विजेवर तापणाऱ्या दोन दांड्या आणल्या. बटणवाली म्हणाली, "मी दोन तास तापते, मग आपोआप बंद होते." साधी म्हणाली, "मी तुला कधीच गार पडू देणार नाही."

"ती थांबते कधी, ते विचार," कोपऱ्यातलं पोतेरं म्हणालं. पण ऊब कुणाला नको असते? पंचा साध्या दांडीलाच बिलगला.

महिन्याभरात त्याचं सूत करपलं. "पुरे गं आता!"

"थांबायचं मला येतच नाही रे," दांडी कळवळली.

सकाळी बाईंनी सवयीने पंचा झटकला. तो टरकन फाटला.

पोतेऱ्याने अंग चोरून त्याला जागा करून दिली.