पाळण्यातला वरवंटा

पाय पोटाशी घ्या आणि चुळबूळ बंद. ही गोष्ट गोड नाही, आधीच सांगून ठेवते. भीती वाटली तर माझा पदर धरा, पण मध्ये बोलायचं नाही.

एकदा काय झालं, माळावर एक गाव होतं. गावाच्या कडेला दगडाची जुनी खाण होती, काळ्या पाण्यानं भरलेली. खाणीजवळ राणू पाथरवटाचं घर. राणू पाटे-वरवंटे घडवायचा. घरात त्याची बायको ठकू आणि बहीण येसू. येसूला ना नवरा, ना मूल. पण बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा, बरं का, आईचासुद्धा नाही. येसूला त्या मानाचं भारी अप्रूप.

त्या घरची एक रीत होती. बाळाचं नाव राणू नव्या वरवंट्यावर कोरायचा. बारशाला तो वरवंटा पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचा, आधी त्याला पाळण्यात निजवायचं, मग बाळाला. बाळाला दगडासारखं टणक आयुष्य मिळावं म्हणून.

पहिला मुलगा झाला. येसूनं नाव ठेवलं हिरा. नुसतं ठेवून राहते कसली! उंबऱ्यावर उभी राहिली आणि साऱ्या गावाला ओरडून सांगितलं. मग दुसरा झाला. भावाला शोभेलसं नाव हवं ना, मग पाचू. तेही उंबऱ्यावरून ओरडून. ठकू लेकांना लाडानं ढब्या आणि गोट्या म्हणायची, तर येसू फणकारायची. इतकी जुळलेली नावं ठेवली आणि ही म्हणे ढब्या!

पण खाणीच्या पाण्यात राहायची हाकमारी. तिला स्वतःचा आवाज नव्हता. नाव ज्या आवाजात ऐकलं, त्याच आवाजात ती तिन्हीसांजेला दाराशी येऊन हाक मारायची. एकदा, दोनदा, तीनदा. कुणी ओ दिली की त्या नावाचं जे असेल ते तिचं, आणि ओ देणारा आवाजही तिचा. तिसरी हाक फुकट गेली तर मग आत शिरून हाताला लागेल त्याला न्यायची.

एका तिन्हीसांजेला बाहेरून येसूच्या आवाजात हाक आली, 'हिरा'. हिरा नुकता बोलायला लागलेला. आत्या बोलावते म्हणून 'ओ' करत दुडुदुडु बाहेर गेला. खाणीच्या काठावर नुसतं टोपडं सापडलं.

पुढं पाचू रांगायला लागला. तोही तसाच, हाकेला 'ओ ओ' करत गेला. या खेपेला येसू चुलीपाशीच होती. बाहेरून येणारा स्वतःचा आवाज तिनं स्वतःच्या कानांनी ऐकला, आणि ती धावेपर्यंत अंगण रिकामं झालं होतं. काय वाटलं असेल तिला! गाव म्हणालं, ही पांढऱ्या पायाची. गाव कमीच म्हणत होतं, असं येसूला वाटत होतं.

मग तिसरी झाली मुलगी. गोरीगोमटी, मुठी आवळलेली. जो तो म्हणाला, हिरा, पाचू, आता माणिकच. राणूनं वरवंटा घडवला. णिची वेलांटी पहिली की दुसरी, तेही देवळातल्या गुरवाला विचारून आला आणि माणिक असं नीट कोरलं.

बारशाच्या दिवशी ठकू पाळण्याच्या आडवी उभी राहिली. म्हणाली, "वन्सं, या पाळण्याला हात लावू नका. हिला काही झालं तर मी खाणीत उडी टाकीन."

येसूनं पदर पसरला. "वहिनी, एवढी एक वेळ. दोघांची नावं मीच हाकमारीच्या हवाली केली. आता तिला फसवायचं तर तेही माझ्याच तोंडानं होईल."

ठकू रडली. खूप रडली. पण बाजूला झाली.

मग येसूनं वरवंट्याला कुंची घातली, काजळ लावलं, पाळण्यात निजवलं. आणि उंबऱ्यावर जाऊन ओरडली, माणिक, माणिक, आमची माणिक! मग आत आली. खऱ्या बाळाला उचललं आणि त्याच्या कानात कुर्र करून एक निराळंच नाव सांगितलं. इतकं हळू की ठकूलाही ऐकू गेलं नाही. मग ठकूनं बाळाला चुलीमागं नेऊन पदराखाली घेतलं. तोंडात दूध, म्हणजे हूं की चूं नको.

तिन्हीसांज झाली. बाहेरून हाक आली, 'माणिक'. दगड कसा बोलेल? दुसरी हाक आली. बाळानं दूध सोडलं, तोंड वाकडं केलं. ठकूनं त्याला पुन्हा छातीशी धरलं. मग दाराची कडी वाजली आणि तिसरी हाक आली, 'माणिक'.

आणि येसू म्हणाली, "ओ."

दार उघडलं. ओले हात पाळण्यात गेले आणि कुंचीतलं ते जड जड घेऊन निघाले. एकदा घेतलेलं हाकमारीला टाकता येत नाही, बरं का. पाण्यात उतरली ती त्या दगडाबरोबर बुडाली. खाली, आणखी खाली. पुन्हा कधी वर आली नाही.

ठकू बाळाला घेऊन धावली, येसूच्या गळ्यात पडली. येसूनं तोंड उघडलं, पण आवाज कुठला? तो ओ बरोबर गेला होता.

मुलगी वाढली. तिला सगळे धोंडी म्हणायचे. दुसरं नाव ठाऊक होतं कुणाला! ठकू रोज येसूची वेणी घालायची, पहिला घास तिला द्यायची. कधी कधी धोंडी आत्याच्या ओठांना कान लावून विचारायची, आत्ये, माझं खरं नाव सांग ना. येसूचे ओठ हलायचे, डोळे भरायचे. मग एके दिवशी येसू गेली, आणि नाव तिच्याबरोबर गेलं.

पण धोंडी म्हातारी झाली ना, तरी झोपेत मध्येच हसायची आणि हळूच म्हणायची, "ओ, आत्ये." नातवंडं विचारायची, काय गं हाक मारली आत्यानं? तर जागी झाल्यावर तिला काही आठवायचं नाही.

काय होतं ते नाव? मला कुठून माहीत असणार! चला, मिटा डोळे. दाराला कडी घातली आहे, मी जागी आहे.