फोल म्हटलेली फुले

पूर्वी वेणुमती नगरात पुष्यसेन नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्वांनी एका बुरुडाच्या घरी जन्म घेतला. त्यांचे नाव रोहक ठेवले. थोर झाल्यावर ते टोपल्या, सुपे विणून संसार चालवीत आणि उरलेला सारा वेळ घरामागच्या परसात घालवीत. परस ते केवढे! चार खाटा टाकल्या की भरून जावे एवढेच. पण त्यात कोहळ्याचा मांडव होता, कुंपणावर दोडका होता, न्हाणीच्या पाण्यावर अळू आणि दोन केळी होत्या. रोहकाची बायको सुयामा म्हणे, "अहो, तुमच्या हाताला गुण आहे." त्यावर रोहक हसून म्हणत, "हाताला कसला गुण? मी नुसता बघत बसतो."

आणि ते खरेच बघत बसत. कोणते पान कधी मिटते, मुंगी कुठे चढते, मधमाशी आधी कोणत्या फुलावर बसते आणि मग कोणत्या. एका वर्षी अळीने त्यांच्या मांडवावरची लांब देठाची सगळी फुले खाऊन टाकली होती. आखूड देठाची, मागे इवलासा कोहळा घेऊन आलेली फुले तेवढी राहिली होती. त्या वर्षी एकही कोहळा धरला नाही. दुसरा कुणी अळीला शिव्या देऊन मोकळा झाला असता. रोहकांनी ती गोष्ट मनात ठेवली.

पुढे एका साली नगरावर टोळधाड आली. शिवारातले उभे पीक दोन दिवसांत गेले. कोठारात धान्य होते ते जेमतेम मार्गशीर्षापर्यंत पुरणारे. तेव्हा राजाने दवंडी पिटवली की प्रत्येकाने आपापल्या परसात वेल लावावा. कोहळा एकदा पिकला की सहा-आठ महिने टिकतो. घरोघरी कोहळे टांगलेले असले, तर नगर उन्हाळ्यापर्यंत तग धरील. लोकांनी आळी केली, बिया टोचल्या, छपरांवर वेल चढवले. श्रावण लागला तेव्हा सारे नगर पिवळ्या फुलांनी भरून गेले होते.

राणी कनकप्रभा मोठी मायाळू होती. प्रजेच्या घरी अन्न यावे म्हणून तिने व्रत घेतले. श्रावण आणि भाद्रपद असे दोन महिने, रोज पहाटे, घरोघरच्या वेलींची एक हजार फुले अन्नदेवतेला वाहीन, असा तिने संकल्प सोडला. व्रत आपल्यासाठी नव्हते, नगरासाठी होते. त्यामुळे बायकांना कोण आनंद झाला!

पण राणी विचारी होती. फुले तोडली तर फळे कशी येणार, ही शंका तिला आलीच. तिने फुले गोळा करणाऱ्या माळ्यांच्या नायकाला बोलावले. त्याचे नाव पुंडक.

राणी म्हणाली, "पुंडका, ज्या फुलामागे कोहळा दिसेल त्याला बोटही लावू नका. लांब देठाची, मागे काही नसलेली जी फोल फुले असतात, तेवढीच आणा. कुणाच्या तोंडचा घास जाता कामा नये."

"देवी, अगदी मनातलं बोललात," पुंडक म्हणाला. "ती फुलं नाही तरी संध्याकाळी गळूनच जातात."

नगरात सगळ्यांनी राणीची वाखाणणी केली. फळ घराला, फोल देवाला, याहून सोयीचे काय असणार? माळी पहाटे येत, फुले उमलायच्या आतच तोडून नेत. तिसऱ्या दिवशी पुंडक रोहकाच्या कुंपणाशी आला.

रोहक हात जोडून म्हणाले, "नायक, ही फुलं फोल नाहीत. हे बाप आहेत. यांची पिवळी भुकटी माशी त्या दुसऱ्या फुलात नेऊन टाकते, तेव्हा तो कोहळा जीव धरतो. हे नसतील तर तो गळून जाईल. कृपा करून राणीसाहेबांना एवढं कळवा."

पुंडक पोट धरून हसला. "फुलात बाप! मग आजोबा कुठे असतात रे, मुळाशी? अरे बुरुडा, माझ्या तीन पिढ्या बागेत गेल्या. देवाला चार फुलं देणं जिवावर येतंय, असं सरळ सांग की!"

रोहकांनी फुले दिली नाहीत. पुंडकाने निरोपही पोचवला नाही. रोहक आळीत दारोदार जाऊन सांगू लागले, तर लोक म्हणाले, "राणीच्या व्रतात खोट काढतोस? तुझ्या जिभेला काही हाड?"

श्रावण संपता संपता व्हायचे ते झाले. अंगठ्याएवढे कोवळे कोहळे पिवळे पडू लागले आणि टपटप गळू लागले. रोहकाच्या शेजारी शंपा नावाची म्हातारी राहत असे. तिचा मुलगा आणि सून टोळधाडीनंतर कामाच्या शोधात गेली होती, आणि दोन लहान नाती तिच्या पदरी होत्या. ती रोज सकाळी सूप भरून गळालेले कोहळे गोळा करी.

"रोहका," ती कुंपणावरून म्हणाली, "रोज पाणी घालते रे. काल तर वेलीला हात जोडले. पोरींना माघात काय घालू?"

इकडे रोहकाच्या मांडवावर अकरा कोहळे लोंबत होते. ते लोकांच्या डोळ्यांत खुपू लागले. पुंडकाने तर बोलूनच दाखवले, "देवतेला फुलं नाकारली आणि ह्याचंच फळतंय! आमच्या वेलींचा सगळा रस ह्याने ओढून घेतलाय. देवतेचा कोप आहे तो ह्याच्यामुळे." गोष्ट राजापर्यंत गेली. राजाने हुकूम दिला की आजपासून आठव्या दिवशी रोहकाचे वेल मुळापासून कापावे आणि त्याला नगराबाहेर घालवावे.

त्याच संध्याकाळी एक व्यापारी चोरपावलांनी आला. "आठ दिवस कशाला थांबतोस? आत्ताच कोहळे उतरव आणि माझ्याबरोबर नदीपलीकडे चल. माघात एकेका कोहळ्याला गाय मिळेल गाय! ह्या लोकांनी तुला काय दिलं, शिव्याच ना?"

रोहक म्हणाले, "शेटजी, आठ दिवस हातात आहेत. तेवढ्यात पुष्कळ कोहळे धरतील."

"कुणाचे?"

"शेजारणीचे," रोहक म्हणाले. व्यापारी डोक्याला हात लावून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताच रोहकांनी आपल्या मांडवावरची लांब देठाची उमललेली फुले खुडली आणि ओल्या फडक्यात घालून टोपलीत ठेवली. सुयामा दारात उभी होती.

"अहो, आणि आपल्या वेलींचं? पुढची फळं धरायची नाहीत मग."

"धरलेत तेवढे आपल्या दोघांना पुरतील. शंपामावशीच्या घरी दोन पोरी आहेत."

सुयामाने पदर खोचला. "चला, दोघं असलो की लवकर होईल. आणि त्या पलीकडच्या कुंभारांकडेही जाऊ. त्यांनी मला काल काय काय ऐकवलं! पण पोरं त्यांचीही आहेतच."

शंपेच्या परसात रोहकांनी एकेका फुलाच्या पाकळ्या सोलल्या आणि आतली पिवळी भुकटी प्रत्येक आखूड देठाच्या फुलाच्या पोटात हलक्या हाताने लावली. जिथे लावली त्या देठाला बांबूच्या सालीची बारीक फीत सैलशी बांधली. सातही दिवस नवराबायको असेच जात राहिली. दार उघडणाऱ्याकडे गेली, दार लावून घेणाऱ्याच्या कुंपणावरून हात पोचेल तिथेही त्यांनी भुकटी लावली.

आठवा दिवस उजाडला. राजा, राणी, पुंडक आणि कोयते घेतलेले माळी आळीत आले. मागे सारे नगर. पुंडकाने कोयता उगारला, एवढ्यात शंपा म्हातारी आडवी आली.

"थांबा! आधी माझा मांडव बघा, मग कापा. राणीसाहेब, गरिबाच्या परसात पाय ठेवा एकवार."

राणी वाकून मांडवाखाली शिरली. वर पाहते तो मुठीएवढे, लवदार, हिरवेगार कोहळे! तिने एकाच्या देठाला हात लावला, फीत होती. दुसऱ्याला, तिसऱ्याला फीत होती. खाली पिवळी पडून गळालेली फळे होती. एकालाही फीत नव्हती. ती कुंभारांकडे गेली, तांबटांकडे गेली. सगळीकडे तेच. फीत बांधलेला जगलेला, न बांधलेला मातीत.

पुंडक म्हणाला, "योगायोग असेल, देवी..." पण त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही.

राणी रोहकाकडे वळली. तिचे डोळे भरले होते. "म्हणजे लोकांच्या अन्नासाठी मी व्रत केलं, आणि माझ्याच व्रताने लोकांचं अन्न गळालं. आता महिना उरलाय. व्रत मोडलं तर देवतेचा दोष, पाळलं तर प्रजेचे हाल. मी काय करू, दादा?"

ज्याला नगराबाहेर घालवायचे, त्यालाच राणी दादा म्हणाली होती.

रोहक म्हणाले, "देवी, व्रत मोडू नका. तुमची माया खरी आहे, तिला बघायची सवय तेवढी हवी. रोज हजार फुलं वाहा, पण उमलल्यावर तोडा, आणि निम्मी वेलीवरच माश्यांसाठी राहू द्या. आणि अन्नदेवतेला शोधत देवळापर्यंत कशाला जायचं? जिथे कोहळा जीव धरतो, त्या फुलाच्या पोटात ती बसलेली आहे. तिथे वाहा."

राणीने तिथल्या तिथे रोहकाच्या टोपलीतले एक फूल घेतले, पाकळ्या सोलल्या आणि दोन्ही हातांनी ते वेलीवरच्या फुलात टेकवले. मग देवापुढे कपाळ टेकताना मिटावेत तसे तिने डोळे मिटले. राजाने कोयते खाली ठेवायला लावले.

दुसऱ्या पहाटेपासून काय सोहळा झाला म्हणून सांगावे! राणी पुढे, मागे तबके घेतलेल्या बायका, शंख आणि झांजा, आणि ही सारी मिरवणूक परसापरसांतून! कुणी काशीफळासारखे गोल गाल फुगवून शंख फुंकी, कुणी गाणे म्हणे. पुंडक सगळ्यांच्या पुढे धावे आणि ओरडे, "हळू, बायांनो, भुकटी सांडू नका!" तो आता रोहकाकडून रोज नवे काही शिकून घेई आणि त्याची त्याला लाजही वाटत नसे. भाद्रपदाच्या अखेरीला राणीने व्रताचे उद्यापन केले तेव्हा नगरात असा एकही मांडव नव्हता, ज्याला फळांच्या भाराने टेकू द्यावा लागला नाही.

कार्तिकात कोहळे उतरवले. पांढरी राख माखल्यासारखे ते थोराड कोहळे छपरांवर, ओट्यांवर, शिंक्यांत मावेनात. शंपेच्या दोन नातींना मिळून एक उचलेना, तेव्हा दोघी त्याला लोळवत घरात घेऊन गेल्या आणि म्हातारी टाळ्या पिटत मागून चालली. माघ आला, फाल्गुन आला. कोठार रिते झाले, पण वेणुमतीत चूल एकही विझली नाही. राजाने रोहकाला बागांचे अधिपत्य देऊ केले. रोहकांनी ते घेतले, पण राहिले आपल्याच घरात, आणि दारी येईल त्याला फुले ओळखायला शिकवीत राहिले.

ही कथा तथागतांनी सुबाहुक नावाच्या भिक्षूसाठी सांगितली. सुबाहुकाने तापाने फणफणलेल्या एका सोबत्याला मायेपोटी तूप घातलेली खीर खाऊ घातली होती आणि त्याचा ताप वाढला होता. दुसरा एक भिक्षू त्याला हसत होता आणि सुबाहुक खाली मान घालून बसला होता.

तथागत म्हणाले, "सुबाहुका, मान वर कर. तेव्हाची राणी कनकप्रभा तूच होतास. तुझी माया तेव्हाही खोटी नव्हती, आजही नाही. हा जो तुला हसतो आहे, तो पुंडक. शंपा म्हणजे तुझा हा सोबती, आणि पाहा, त्याचा ताप आज सकाळी उतरला आहे. रोहक मीच होतो."

सुबाहुकाने मान वर केली. हसणारा भिक्षू उठला आणि त्याच्याजवळ येऊन बसला.

मग तथागत म्हणाले, "करुणा नीट पाहू लागली, की तिलाच प्रज्ञा म्हणतात. त्या जन्मी मी ती प्रज्ञापारमिता आचरली."